फडक्याची माफी

आमच्या घरात पाठमोरं होऊन बोलायची पद्धत नव्हती. असा नियम कोणी घालून दिला नव्हता, पण चुलीकडे तोंड करून आई बाबांशी कधी बोलली नाही. तव्यावर भाकरी टाकायची, वळायची, बाबांकडे बघायची आणि मग काय ते सांगायची. तोवर भाकरी एका बाजूनं करपायची. करपलेली भाकरी कोणाला वाढायची यावर वाद नव्हता, ती माझी असे.

बाबांना ऐकू येत नव्हतं. मी लहान असताना त्यांना टी.बी. झाला होता. रोज एक सुई, अशा कित्येक महिने सुया घेतल्या. टी.बी. गेला आणि जाता जाता कान घेऊन गेला. एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटी, मग रस्त्यावरचे लोक आणि शेवटी आम्ही. माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षांपर्यंत बाबा पूर्ण बहिरे झाले होते आणि समोरच्याचे ओठ पाहून सगळं समजून घ्यायला शिकले होते. हे आईला, मला आणि त्यांना स्वतःला ठाऊक होतं. चौथ्या माणसाला नाही.

लपवायचं कारण साधं होतं. बाबा मराठी प्राथमिक शाळेत गुरुजी होते, मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, आधी लोधीखेड्याला आणि नंतर सौंसरला. बहिरा माणूस वर्ग सांभाळू शकतो हे त्या काळात कोणी मान्य केलं नसतं. आजही किती जण करतील, कोण जाणे. त्यात बाबा आमच्या वस्तीतले पहिले मास्तर. त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. वस्तीतली प्रत्येक आई पोराला धपाटा घालताना गुरुजींचं उदाहरण द्यायची. त्यामुळे बाबांना नोकरीपेक्षाही वर्गाची काळजी होती. पगार काय, कोपऱ्यात बसवून कोणीही दिला असता. त्यांना खुर्चीवरून उठवलं जाण्याची भीती होती, आणि ती भीती ते आमच्यापाशीसुद्धा बोलून दाखवत नसत.

ऐकू येत नसताना त्यांनी इतकी वर्षं शिकवलं कसं, असं आता लोक मला विचारतात. त्याचं उत्तर आहे ळ. आमच्याकडे बोलण्यात ळ नाही. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, कावळ्याचा कावया. बाबांच्या वर्गात मात्र ळ सक्तीचा. उत्तर द्यायचं तर पोरानं खिडकीशी येऊन उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोलायचं. ‘तोंड उघड. जीभ दिसली पाहिजे,’ हे बाबांचं पालुपद. गावाला वाटे, गुरुजींना शुद्ध भाषेचं वेड आहे. तपासणीला आलेले साहेबही खूष होऊन जात, कारण सगळ्या तहसिलीत ळ म्हणणारा वर्ग एवढाच. खरी गोष्ट अशी, की ळ म्हणताना जीभ वर वळते आणि ती दिसते. य म्हणताना काहीच दिसत नाही. बाबांनी गावाच्या पोरांना ळ लावला तो निव्वळ स्वतःच्या सोयीसाठी. त्यांच्या धाकानं आमच्या घरातही भाषेची खिचडी झाली होती. क्रियापदं वऱ्हाडी आणि ळ पुण्याचा.

आवाजही त्यांचा चढलेला असे. स्वतःचं बोलणं ऐकू न येणारा माणूस मोठ्यानंच बोलतो. विहारात रविवारी वंदना म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. लोक म्हणायचे, गुरुजींचा आवाज दांडगा. आई खाली मान घालून बसायची.

मी पांढुर्ण्याला मामाकडे राहून शिक्षिकेचा कोर्स केला आणि सौंसरला त्याच शाळेत बालवर्गावर तात्पुरती लागले. माझी खोली बाबांच्या वर्गाला लागून. मधली भिंत पातळ होती, त्यामुळे बाबांना न ऐकू येणारं सगळं मला ऐकू यायचं. मागच्या बाकावरची पोरं काय काय म्हणत ते इथं लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. त्या हिवाळ्यात डांग्या खोकला आला. बागांत संत्री पिकली होती, गाड्या भरून चालल्या होत्या, आणि घराघरांत पोरांना संत्र्याला हात लावायची बंदी. पोरगं एकदा खोकायला लागलं की लागलंच. डोळे बाहेर यायचे, शेवटी श्वास ओढताना कोंबडा आरवल्यासारखा आवाज व्हायचा आणि ओकारी यायची. मंगळवार-शनिवार जामसांवलीच्या मारुतीला पायी जाणाऱ्यांत खोकणाऱ्या पोरांना खांद्यावर घेतलेले बाप दिसू लागले. दोन घरांत तान्ही मुलं दगावली. तेव्हा मग दवाखान्यातले डॉक्टर शाळेत आले.

डॉक्टर तरुण होते, हिंदी बोलणारे आणि घाईत असलेले. त्यांनी स्वतःच तोंडाला कापड बांधलं होतं. आम्हा सगळ्यांना हेडमास्तरांच्या खोलीत बसवून त्यांनी सांगितलं, की साथ ओसरेपर्यंत शाळेत प्रत्येकानं तोंड आणि नाक कापडानं झाकायचं. मुलांनी, मास्तरांनी, सगळ्यांनी. ज्यांना दमा आहे, ज्यांच्या ओठांवर फोड आहेत, किंवा जी मुलं अगदी लहान आहेत, ‘उन्हें छूट रहेगी।’

बाबा माझ्या समोरच्या बाकावर बसून मान डोलवत होते. इतरांच्या माना हलल्या की जरा मागाहून त्यांची हलायची. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण डॉक्टरांच्या ओठांवर कापड होतं, म्हणजे बाबांच्या लेखी त्या खोलीत कोणी काही बोलतच नव्हतं. नेमके डॉक्टर त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, ‘गुरुजी, आपकी कक्षा में कितने बच्चे खाँस रहे हैं?’

‘जी, बिलकुल,’ बाबा म्हणाले.

डॉक्टर थांबले. मी घाईनं म्हणाले, ‘सर, उनके यहाँ चार-पाँच हैं।’

हेडमास्तर माझ्याकडे बघत म्हणाले, ‘बाई, तुमाले आपला वर्ग सोडून दुसऱ्याचीबी मोजदाद राह्यते का?’ सगळे हसले, बाबाही हसले, आणि तेवढ्यावर निभावलं.

डॉक्टरांच्या ‘छूट’चं हेडमास्तरांनी मराठी केलं ते ‘माफी’. शाळेत तो शब्द फीमाफीमुळे सगळ्यांच्या ओळखीचा होता, त्यामुळे त्यांना तोच सुचला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, ‘सगयेजण तोंडाले फडकं बांधून येतीन. ज्याले तरास आहे त्याले माफी भेटन.’ झालं. आमच्या गावात फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कोणी नाही म्हणत नाही. अर्ध्या शाळेला माफी हवी झाली. एक मॉनिटर म्हणाला, मले पोरांवर ओरडा लागते. शिपायाला तंबाखूची पिंक टाकायची म्हणून माफी हवी होती. हेडमास्तरांनी स्वतःला न मागता माफी देऊन टाकली, कारण तोंड बांधून हुकूम कसे सोडायचे.

याच्या उलटही झालं. ज्याला खरोखर दमा होता त्या मुलाची आई तावातावानं शाळेत आली. ‘माह्या पोरानं कोणाचं काय चोरलं जी, का तुमी त्याले माफी देऊन राहिले? चारचौघांत नाव घेतलं त्याचं.’ हेडमास्तर तिला बराच वेळ समजावत होते. तिला काही ते पटलं नाही. गुन्हा नाही तर माफी नाही, असं तिचं सरळ म्हणणं. तिनं पोराला दुहेरी फडकं बांधून पाठवलं आणि आम्ही ते रोज वर्गात गुपचूप सोडायचो.

फडकी घराघरातून आली. जुन्या धोतराची, लुगड्याच्या काठाची, पिठाच्या थैलीची. आयांनी त्यांच्या टोकांना कापूर आणि ओवा बांधून दिला होता, त्यामुळे सगळ्या शाळेला दवाखाना आणि स्वयंपाकघर यांचा मिळून वास येई. पोरांना मजा होती. मधल्या सुट्टीत अख्खं मैदान डाकूंनी भरायचं. शिपाई व्हायला कोणी तयार नसायचं, सगळ्यांना डाकूच व्हायचं असायचं.

डॉक्टर काय म्हणाले ते बाबांना मी त्याच दिवशी संध्याकाळी घरी समोर बसून सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, ‘डोळ्यांवर तर नाही ना बांधून राहिले?’ मी हसले. ते जेवले मात्र नाहीत.

पुढचे काही दिवस त्यांनी पाटीवर काढले. ते सांगत, मुलं लिहीत. शुद्धलेखन, गणितं, पुन्हा शुद्धलेखन. पाढे आणि कविता सगळ्यांनी मिळून म्हणायच्या, म्हणजे कोण चुकतो हा प्रश्नच नाही. भिंतीपलीकडून मला चुका ऐकू यायच्या. बावीस सक किती यावर वर्गात दोन पक्ष पडले होते आणि गुरुजी दोघांनाही शाबास म्हणत होते. खिडकीशी उभं राहणं बंद झालं. घरी आले की बाबा डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडत. दिवसभर पोरांचे डोळे, भुवया, माना वाचून त्यांचे स्वतःचे डोळे दुखायचे.

‘फडकं हलते,’ ते आईला म्हणाले, ‘म्हणजे पोट्टं काहीतरी बोलून राहिलं, एवढं समजते. काय बोलून राहिलं ते त्या फडक्यालेच ठाऊक.’

मी म्हटलं, हेडमास्तरांना सांगा. तुमच्या वर्गाला माफी मिळवा. एकेका पोरानं खिडकीशी येऊन लांबून फडकं काढायचं, उत्तर द्यायचं, पुन्हा बांधायचं. त्यात कोणाला काही होत नाही.

‘माफी कोणाले? मले का पोरांयले?’

‘पोरांना.’

‘पोरांयले काय झालं? त्यांयले तर ऐकू येते.’

बाबांचं बरोबर होतं. डॉक्टरांनी जी सूट सांगितली ती आपल्या तोंडावरचं कापड ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी होती. दुसऱ्याच्या तोंडावरचं कापड ज्याला सोसत नाही, असा माणूस डॉक्टरांच्या डोक्यात आलाच नव्हता. आणि तसा माणूस या शाळेत आहे हे सांगितल्याशिवाय ती सूट मिळणार नव्हती.

‘तरी एकदा माफी मागून तर बघा,’ मी म्हटलं.

बाबांचा चेहरा बदलला. ‘माह्या बापानं जन्मभर माफीच मागितली,’ ते म्हणाले. ‘बैल दुसऱ्याच्या धुऱ्यावर चरायला गेला, माग माफी. पाटलाच्या समोरून चप्पल घालून गेला, माग माफी. मी शाळा शिकलो ते कशासाठी?’

‘अहो बाबा, ही तशी माफी नाही. फीमाफीतली माफी आहे.’

‘शब्द एकच आहे,’ बाबा म्हणाले. इतकी वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाशी शब्दावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी चिडून उठले आणि पाठ फिरवून एक वाक्य बोलले. ते त्यांना कळलं नाही आणि कळावं म्हणून मी बोललेही नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांच्या वर्गातल्या एका मुलीला वर्गातच खोकला आला. बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत मोठ्या बागाईतदारांचं घर आहे, तिथली मुलगी. आठ-नऊ वर्षांची, शांत. मला भिंतीपलीकडून आधी तिचा आवाज ऐकू आला, पण फडक्यातून शब्द नीट लागेनात. मग बाबांचा आवाज आला, ‘बस. नंतर.’ पुन्हा तिचा आवाज, पुन्हा ‘बस.’ मग खोकला सुरू झाला आणि थांबेना. एक पोरगी माझ्या दारात धावत आली. मी गेले तेव्हा ती मुलगी बाकाखाली वाकली होती, फडकं तसंच बांधलेलं, त्यातच ओकारी झालेली, ओठ निळे. मी फडकं ओढून काढलं. बाबा तोवर उठून आले होते आणि नुसते उभे होते. मुलीला दवाखान्यात नेलं. ती वाचली. दोन-तीन दिवसांनी घरीही आली.

गावात बोलणं झालंच. ‘पोरगी सांगून राहिली होती, पण गुरुजीनं तोंड सोडू नाही देल्लं.’ बाबा कडक आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, आता निर्दय आहेत असं ठरलं. हेडमास्तरांनी मात्र त्यांची बाजू घेतली. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर म्हणाले, की नियम कसा पाळायचा ते गुरुजींकडून शिका. पोरगी रडो की पडो, नियम म्हणजे नियम. आणि त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. ते मुलांकडे तोंड करून बोलत होते आणि आम्ही मास्तर लोक त्यांच्या मागं ओळीत उभे होतो. टाळ्या वाजल्या म्हणून बाबांनीही वाजवल्या.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, ‘सकाळी कशाच्या टाळ्या होत्या?’

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण मला त्यांचा राग आला होता आणि त्या मुलीचे निळे ओठ डोळ्यांसमोरून जात नव्हते. बाबांनी कप खाली ठेवला.

‘मले शाबासकी देल्ली? याच्यासाठी?’

‘हो.’

‘ती दोनदा काहीतरी म्हणाली. मले वाटलं, पाणी मागून राहिली. सगळे पाणीच मागतात.’ मग म्हणाले, ‘ती काय म्हणत होती?’

मी तिच्या शेजारी बसणाऱ्या पोरींना विचारून ठेवलं होतं. ‘गुरुजी, जीव घाबरून राहिला, फडकं सोडू का,’ असं मी त्यांना सांगितलं. सावकाश, त्यांच्याकडे बघून. बाबांनी ते वाक्य आवाज न काढता ओठांनी एकदा म्हणून पाहिलं. मग उठून टोपी घातली आणि मला म्हणाले, ‘चाल माह्यासंगं.’

त्या मुलीच्या घरात पुरुष माणूस कोणी नव्हतं, सगळे बागेत गाडी भरायला गेले होते. मुलीची आई दारात आली. आम्हाला पाहून तिनं आतून खुर्ची आणवली. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनाच त्या घरात खुर्ची मिळायची असं नाही, पण गुरुजींना मिळाली. ती स्वतः दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, त्याचं टोक तोंडाशी धरलेलं. गावातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाशी बाया अशाच बोलत.

बाबा बसले नाहीत. आपल्या चढ्या आवाजात म्हणाले, ‘बाई, मी माफी मागायला आलो.’

ती पदराआडून म्हणाली, ‘माफी माह्याजवय कोठची जी? थे तं हेडमास्तरजवय भेटते. पोरीले माफी द्या म्हणून आमीच येऊन राहिलो होतो शायेत.’

तिला वाटलं, गुरुजी फडक्याच्या माफीचं काहीतरी काम घेऊन आलेत. बाबांना काय वाटलं ते मला माहीत नाही. त्यांना फक्त लुगड्याचा काठ हलताना दिसला. मी सांगण्यासाठी पुढं झाले, तर त्यांनी हातानं मला थांबवलं.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘तोंडावरचा पदर जरा बाजूले घ्या.’

आमच्या वस्तीतल्या माणसानं त्या घराच्या अंगणात, घरात पुरुष नसताना, तिथल्या सुनेला पदर बाजूला घे म्हणायचं. शेजारच्या अंगणात धान्य पाखडणारीचं सूप थांबलं. यावरून काय काय होऊ शकतं ते मला दिसत होतं आणि मी बाबांना मागं ओढायचंच बाकी होतं. ती बाई जागच्या जागी ताठ झाली. तिनं पदर आणखी घट्ट धरला.

‘मले ऐकू येत नाही,’ बाबा म्हणाले. ‘कित्येक वर्षं झाली. समोरच्याचं तोंड दिसलं तर समजते, नाही तर नाही. तुमच्या पोरीच्या तोंडाले फडकं होतं. ती जीव घाबरते म्हणून राहिली होती. मले वाटलं पाणी मागते. मी तिले बस म्हटलं.’

शेजारच्या अंगणातही हे स्पष्ट ऐकू गेलं असणार. घराबाहेर हे वाक्य बाबा पहिल्यांदाच बोलत होते आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होते, हे त्यांना कळतही नव्हतं. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. अभिमान वाटला आणि रडू आलं, दोन्ही एकदमच.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिनं पदर सोडला. मला वाटली होती त्याहून ती बरीच लहान होती, माझ्याच वयाची. बाबांकडे सरळ बघून तिनं विचारलं, ‘तुमाले आयकूच नाही आलं?’

‘नाही.’

‘आमी तं म्हणून राहिलो होतो, गुरुजीनं आयकून न आयकल्यासारखं केलं.’

‘तसं नाही केलं.’

‘मंग माफी कायची?’ ती म्हणाली.

बाबा म्हणाले, ‘सांगितलं नव्हतं, त्याची.’

ती आत गेली आणि मुलीला हात धरून बाहेर घेऊन आली. मुलगी झोपेतून उठलेली, गळ्याभोवती मफलर. आईनं तिला बाबांच्या समोर उभं केलं, मफलर खाली ओढला आणि म्हणाली, ‘सांग गुरुजीले, आता कसं वाटते.’ मुलगी म्हणाली, बरं वाटते. बाबांनी ते वाचलं.

सौंसरमध्ये एखादी गोष्ट पसरायला रात्र पुरते. सकाळी शाळेत पोचलो तर शिपायासकट सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीचा बापही आला होता. मला वाटलं भांडायला आला, पण पोरीची एक चप्पल त्या गडबडीत वर्गात राहिली होती ती तो न्यायला आला होता. हेडमास्तरांनी बाबांना आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. बाबांच्या समोर बसून, तोंड मोठमोठ्यानं उघडत, एकेक शब्द तोडून म्हणाले, ‘गुरुजी. तुमाले. फडक्याची. माफी.’

‘मले नको,’ बाबा म्हणाले. ‘मी बांधतो. पोरांयले द्या.’

हेडमास्तरांना हे काही केल्या समजेना. ज्याला त्रास त्याला माफी. त्रास गुरुजींना, तर माफी धडधाकट पोरांना कशी? मी सांगून पाहिलं. खिडकीची युक्तीही सांगितली. ते म्हणाले, चाळीस पोरांचं फडकं सोडलं आणि उद्या एखादं दगावलं तर मी कोणाले तोंड दाखवू? साथ ओसरेपर्यंत बाबांचा वर्ग दुसऱ्या मास्तरांकडे दिला. उन्हाळ्याच्या आधी साथ ओसरली, फडकी गेली, पण वर्ग परत मिळाला नाही. बहिरेपण आता सगळ्यांना माहीत झालं होतं आणि ते काही साथीबरोबर जाणारं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत बाबांना ऑफिसात बसवलं, नकाशे आणि पुस्तकं सांभाळायला. पगारात फरक पडला नाही. ते कधी तक्रार करत नसत. पण सकाळी निघताना खडूचा एक तुकडा सवयीनं खिशात घालत आणि संध्याकाळी तो तसाच परत येई. मला त्याचं फार वाईट वाटे आणि अजूनही वाटतं.

निवृत्तीनंतर बाबा रोज दुपारी बाजाराकडे फेरी मारायला जात, त्याच गल्लीनं. काही वर्षांनी तिथल्या एका घरात नवी सून आली, पांढुर्ण्याकडची. मी एकदा शाळेतून परतताना ती सासूबरोबर ओट्यावर तूर निवडत बसली होती. सासू तिला घराचे नियम सांगत होती. पाणी कुठून आणायचं, कोणाच्या घरी जायचं, कोणाच्या नाही. मी चपलेचा तुटलेला अंगठा ठीक करायला थांबले होते, त्यामुळे सगळं कानावर पडलं.

‘सासरे, भासरे, गल्लीतला कोणी मोठा माणूस समोरून आला, का पदर घेजो तोंडावर,’ सासू म्हणाली. ‘गुरुजी आले तं बाजूले घेजो.’

‘काऊन?’ सुनेनं विचारलं.

‘त्यायले आपलं बोलनं आयका लागते.’

घरी गेल्यावर मी बाबांच्या समोर बसले आणि हे जसंच्या तसं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

‘पुन्हा सांग,’ ते म्हणाले.

मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच त्यांना कळलं होतं, हे मला दिसत होतं. मी पुन्हा सांगितलं.